वडिलांची नोकरी गेल्यानंतर कॉलेजकडे वाढीव आर्थिक मदतीची विनंती: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर राहणाऱ्या एका चौकोनी मराठी कुटुंबाचे आहे. ओळख पटू नये म्हणून राज्य, कॉलेज आणि कंपनी यांची नावे दिलेली नाहीत आणि रकमा जवळच्या पूर्णांकात घेतल्या आहेत. वडील माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातील एका कंपनीत वर्षाला सुमारे १,१८,००० डॉलर मिळवत होते आणि आईला सार्वजनिक शाळेतील साहाय्यकाच्या कामाचे ३१,००० डॉलर मिळत. मुलगी एका खासगी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती आणि मुलगा दहावीत. आई-वडिलांकडे ग्रीन कार्ड असल्यामुळे, एच-१बी व्हिसावरील माणसाची नोकरी गेल्यावर नवी नोकरी शोधण्यासाठी मिळणाऱ्या साठ दिवसांचा धाक या घरावर नव्हता. मुलगी जन्माने अमेरिकी नागरिक आहे. केंद्रीय मदतीची पात्रता विद्यार्थ्याच्या दर्जावर ठरते, पालकांच्या नव्हे, हेही येथे नमूद करायला हवे, कारण अनेक घरांत याच गैरसमजापोटी अर्जच भरला जात नाही.

डिसेंबर २०२४ मध्ये कुटुंबाने पुढील शैक्षणिक वर्षाचा, म्हणजे २०२५-२६ चा, फॅफ्सा अर्ज, म्हणजे केंद्र सरकारच्या विद्यार्थी मदतीसाठीचा अर्ज, नेहमीप्रमाणे भरला. फेब्रुवारी २०२५ च्या अखेरीस वडिलांचा ले-ऑफ झाला. कंपनीने आठ आठवड्यांच्या पगाराइतके, म्हणजे करापूर्वी सुमारे १८,२०० डॉलर सेव्हरन्स (नोकरी संपवताना दिली जाणारी एकरकमी भरपाई) दिले. ते संपल्यावर राज्याचा बेरोजगारी भत्ता सुरू झाला, जो आठवड्याला ७०० डॉलर प्रमाणे २६ आठवडे मिळणार होता.

प्रश्न नेमका कुठे होता

२०२५-२६ साठी कॉलेजचा एकूण अंदाजित खर्च ६४,००० डॉलर होता. कॉलेजचे स्वतःचे अनुदान २४,००० डॉलर, मुलीच्या नावावरचे केंद्रीय कर्ज ७,५०० आणि वर्क-स्टडीचे, म्हणजे शिकताना करायच्या अनुदानित अर्धवेळ कामाचे, २,५०० डॉलर वजा जाता कुटुंबाने ३०,००० डॉलर भरायचे होते. आदल्या दोन वर्षी असाच हिस्सा दर महिन्याच्या पगारातून आणि थोडा बचतीतून भरला गेला होता. आता पगारच उरला नव्हता.

फॅफ्सा अर्जात चालू वर्षाचे उत्पन्न विचारलेच जात नाही. २०१७-१८ पासून या अर्जासाठी दोन वर्षांपूर्वीचे प्राप्तिकर विवरण आधार मानले जाते, म्हणून २०२५-२६ च्या अर्जात २०२३ चे उत्पन्न गेले होते. ही पद्धत अर्ज वेळेवर भरता यावा म्हणून आणली गेली आणि ज्यांचे उत्पन्न स्थिर आहे त्यांच्यासाठी ती सोयीची आहे. नोकरी गेलेल्या घराचे चित्र मात्र त्यातून पूर्ण चुकीचे उमटते. २०२३ च्या सुमारे १,४९,००० डॉलर उत्पन्नावरून या कुटुंबाचा स्टुडंट एड इंडेक्स, म्हणजे एसएआय (मदतीची गरज ठरवणारा आकडा; तो जितका कमी तितकी गरज मोठी), जवळपास २६,००० निघाला होता. एवढ्या आकड्यावर केंद्राची पेल ग्रँट, म्हणजे गरजू विद्यार्थ्यांना मिळणारे, परत न करावे लागणारे अनुदान, मिळण्याचा प्रश्नच येत नाही, कारण तिची कमाल रक्कम त्या वर्षी ७,३९५ डॉलर होती आणि साधारणपणे तीतून एसएआय वजा करून विद्यार्थ्याचा वाटा ठरतो.

दुसरा प्रश्न आकड्यांचा नव्हता. वडिलांनी नोकरी गेल्याचे मुलीला पहिले दोन-तीन आठवडे सांगितले नाही. मार्चच्या मध्यात स्प्रिंग ब्रेकसाठी घरी आल्यावर तिला ते कळले आणि त्यानंतरही, नवी नोकरी महिन्याभरात लागेल, तेव्हा कॉलेजपर्यंत गोष्ट कशाला न्यायची, या विचाराने एप्रिलचा शेवट उजाडला. मराठी मंडळातल्या लोकांपासून ही बातमी लपवणे समजण्यासारखे आहे. मात्र आर्थिक मदत कार्यालयापासून ती लपवून कोणाचीही अब्रू वाचत नाही. तेथील माणसांसमोर अशा अर्जांची दरवर्षी रीघ असते आणि अर्जदाराकडे पाहण्याची त्यांची नजर त्यामुळे बदलत नाही. मला या प्रकरणातील हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण पुढे जे थोडेबहुत नुकसान झाले त्याचा उगम याच दोन महिन्यांत आहे.

विचारात घेतलेले पर्याय

घरात प्रथम चर्चा झाली ती पेरेंट प्लस कर्जाची, म्हणजे मुलांच्या शिक्षणासाठी पालकांना मिळणाऱ्या केंद्रीय कर्जाची. हे कर्ज देताना सरकार पालकांचे उत्पन्न तपासत नाही, फक्त पत इतिहासात गंभीर दोष आहे की नाही एवढेच पाहते. त्यामुळे पगार बंद असलेल्या वडिलांनाही ३०,००० डॉलर सहज मंजूर झाले असते, आणि नेमका धोका तोच होता. २०२५-२६ साठी या कर्जाचा व्याजदर ८.९४ टक्के होता, शिवाय ४ टक्क्यांहून अधिक शुल्क रक्कम हातात येण्यापूर्वीच कापले जाते. फेडायला पगार नाही अशा वेळी इतके महाग कर्ज घेणे आईला मान्य नव्हते आणि तिचे म्हणणे बरोबर होते.

दुसरा विचार वडिलांच्या ४०१(के), म्हणजे नोकरीतून उघडलेल्या निवृत्ती बचत खात्यातून रक्कम काढण्याचा होता. वडील ४९ वर्षांचे असल्यामुळे प्राप्तिकराव्यतिरिक्त १० टक्के दंड बसला असता. ती रक्कम आधी आयआरएमध्ये (वैयक्तिक निवृत्ती खात्यात) वळवून तेथून उच्च शिक्षणाच्या खर्चासाठी काढली तर दंड टळतो, ही वाट त्यांना एका परिचिताने सुचवली होती आणि ती खरीही आहे. पण काढलेली रक्कम २०२५ च्या उत्पन्नात धरली गेली असती, आणि दहावीतला मुलगा २०२७ मध्ये कॉलेजात जाईल तेव्हा त्याच्या पहिल्या वर्षाच्या फॅफ्सासाठी हेच २०२५ चे उत्पन्न आधार असणार आहे. म्हणजे मुलीचा एक प्रश्न सोडवताना मुलाचा दुसरा उभा राहिला असता. शिवाय निवृत्तीच्या खात्यातील शिल्लक फॅफ्साच्या हिशेबात मालमत्ता म्हणून धरली जात नाही. ती आहे तेथे राहिली तर कोणाचे नुकसान नव्हते.

राज्य विद्यापीठात बदली घेण्याचा पर्याय मुलीने स्वतः पुढे केला. आर्थिकदृष्ट्या तो सर्वांत स्वस्त होता, परंतु तिच्या विषयातील काही श्रेयांक तेथे ग्राह्य धरले जाणार नव्हते आणि पदवी एका सत्राने लांबली असती. तो पर्याय शेवटची वाट म्हणून बाजूला ठेवला गेला.

उरला तो कॉलेजला परिस्थिती सांगून फेरविचाराची विनंती करण्याचा पर्याय. १९६५ च्या उच्च शिक्षण कायद्याच्या कलम ४७९अ नुसार कॉलेजच्या आर्थिक मदत अधिकाऱ्याला विशेष परिस्थितीत विद्यार्थ्याच्या अर्जातील आकडे बदलण्याचा अधिकार आहे. याला प्रोफेशनल जजमेंट म्हणतात. निर्णय प्रत्येक प्रकरणाच्या गुणावर आणि कागदपत्रांवर घ्यावा लागतो. फॅफ्सा सुलभीकरण कायद्यानंतर कॉलेजांना ही सोय आपल्या संकेतस्थळावर जाहीर करावी लागते आणि असे सर्व अर्ज सरसकट नाकारण्याचे धोरण ठेवता येत नाही. मात्र अधिकाऱ्याचा निर्णय अंतिम असतो. त्याविरुद्ध केंद्रीय शिक्षण खात्याकडे दाद मागता येत नाही. त्यामुळे अर्ज पहिल्याच वेळी नीट मांडण्याला मोठे महत्त्व आहे.

काय केले गेले

एप्रिलच्या शेवटी वडिलांनी कार्यालयाला फोन केला, तेव्हा मुलीच्या नोंदींविषयी बोलण्यासाठी तिची लेखी संमती हवी असे उत्तर मिळाले. पुढचा पत्रव्यवहार मुलीने केला आणि तो तिने केला हे चांगले झाले, कारण कॉलेजच्या दृष्टीने अर्जदार तीच होती. तिने विचारलेला पहिला प्रश्न नेमका होता: अशा विनंतीसाठी तुमचा अर्जाचा नमुना कोणता, आणि उत्पन्नाचा अंदाज तुम्ही कोणत्या बारा महिन्यांचा धरता?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर या प्रकरणाचा कणा ठरले. काही कॉलेजे कॅलेंडर वर्षाचा अंदाज धरतात, काही जुलै ते जून असा शैक्षणिक वर्षाचा. कॅलेंडर वर्ष धरले तर वडिलांचा दोन महिन्यांचा पगार १९,७००, सेव्हरन्स १८,२००, बेरोजगारी भत्ता १८,२०० आणि आईचे ३१,००० मिळून २०२५ चे उत्पन्न सुमारे ८७,००० डॉलर होत होते. जुलै ते जून धरले असते तर पगार आणि सेव्हरन्स दोन्ही बाहेर राहून, भत्त्याचे शेवटचे काही आठवडे आणि आईचा पगार एवढेच, म्हणजे याच्या जेमतेम निम्मे उत्पन्न दिसले असते. एकाच घराचे, एकाच संकटाचे हे दोन हिशेब, आणि त्यांतील कोणता लागू होईल हे कॉलेजच्या अंतर्गत धोरणावर अवलंबून. या कॉलेजचे धोरण कॅलेंडर वर्षाचे होते. विनंती करूनही त्यांनी ते बदलले नाही.

पत्राचा पहिला मसुदा वडिलांनी लिहिला होता. चार पानांच्या त्या पत्रात कंपनीतील अठरा वर्षांची सेवा, ज्या रीतीने काढले गेले त्याबद्दलचे दुःख, घरकर्ज, गाडीचे हप्ते आणि भारतातील वृद्ध आई-वडिलांना दरमहा पाठवले जाणारे पैसे असे सर्व काही होते. त्यातील प्रत्येक वाक्य खरे होते. तरीही मुलीने आणि आईने बसून ते दीड पानावर आणले: नोकरी कोणत्या तारखेला गेली, आधी उत्पन्न किती होते, २०२५ मध्ये किती अपेक्षित आहे, त्यातील काय पुन्हा येणारे आणि काय एकदाच मिळालेले आहे, आणि सोबत कोणते कागद जोडले आहेत. घरकर्ज आणि गाडीचे हप्ते काढून टाकले, कारण असे नेहमीचे हप्ते कॉलेजे सहसा ग्राह्य धरत नाहीत. भारतात पाठवलेल्या पैशांचा एका ओळीत उल्लेख ठेवला. कार्यालयाने तो खर्च ऐच्छिक मानून बाजूला सारला. वडिलांना हे लागले, आणि का लागावे हे कोणाही मराठी वाचकाला सांगावे लागणार नाही. पण त्या एका मुद्द्यावर वाद न घालण्याचा निर्णय शहाणपणाचा होता.

सोबत जोडलेले कागद असे होते: कंपनीचे नोकरी संपल्याचे पत्र, सेव्हरन्सचा करार, शेवटची पे-स्टब (पगाराची पावती), बेरोजगारी भत्ता मंजूर झाल्याचे राज्याचे पत्र, दोघांचे २०२४ चे डब्ल्यू-२ फॉर्म (कंपनीने दिलेले वर्षाच्या पगाराचे विवरण) आणि आईच्या शाळेकडून तिच्या पगाराची खातरजमा.

एक मोह त्यांनी टाळला, त्याचा वेगळा उल्लेख करायला हवा. फॅफ्सा अर्ज उघडून त्यातील २०२३ चे उत्पन्न चालू वर्षाच्या आकड्याने बदलावे, असे एका नातेवाइकाने सुचवले होते. तसे करणे चूक आहे. अर्जात आधार वर्षाचीच माहिती जावी लागते, आणि बदललेल्या परिस्थितीचा विचार फक्त कॉलेज करू शकते.

मुलीचा अर्ज पडताळणीसाठी निवडला गेला होता आणि ती पूर्ण होईपर्यंत कॉलेजला आकड्यांत बदल करता येत नाही. मे महिन्याच्या मध्यात दिलेली विनंती म्हणून जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत नुसती पडून राहिली.

पहिला निर्णय आणि त्यानंतरचे वळण

जुलैच्या सुरुवातीला पहिला निर्णय आला. ८७,००० डॉलर उत्पन्न धरून एसएआय सुमारे ६,७०० वर आला होता. २६,००० वरून ६,७०० ही घट मोठी वाटते, पण पेल ग्रँटच्या कमाल रकमेतून हे ६,७०० वजा केल्यावर उरणारी रक्कम त्या वर्षीच्या ७४० डॉलरच्या किमान मर्यादेखाली गेली आणि चार माणसांच्या घरासाठीची किमान ग्रँटची उत्पन्नमर्यादाही थोडक्यात ओलांडली गेली. केंद्राकडून एक डॉलरही वाढला नाही. कॉलेजने स्वतःचे अनुदान ६,००० डॉलरने वाढवले. सोबतच्या ईमेलमध्ये असेही म्हटले होते की, जुन्या विद्यार्थ्यांसाठीचा संस्थेचा निधी वसंत ऋतूतच बहुतांश वाटला गेला आहे.

येथे कुटुंबात दोन मते होती. वडिलांना वाटत होते की मिळाले त्यावर आभार मानून थांबावे. पुन्हा मागणे त्यांना अशोभनीय वाटत होते. मुलीचे म्हणणे असे की कार्यालयाने सेव्हरन्सला नियमित उत्पन्नासारखे वागवले आहे, आणि ते तसे नाही हे दाखवता आले तर हिशेब पुन्हा मांडण्यात गैर काही नाही. तिचे म्हणणे मान्य झाले, आणि माझ्या मते हाच या प्रकरणातील निर्णायक क्षण होता.

दुसरी विनंती मुख्यतः एका मुद्द्यापुरती होती. सेव्हरन्सची करानंतर हातात आलेली रक्कम कोब्राखालील (नोकरी गेल्यावरही कंपनीचा विमा स्वखर्चाने चालू ठेवण्याच्या कायद्याखालील) आरोग्यविम्याच्या हप्त्यांवर आणि मार्च ते जूनच्या घरकर्जावर खर्च झाल्याचे बँकेच्या उताऱ्यांवरून दाखवले गेले. ती रक्कम शिक्षणासाठी उपलब्ध नाही आणि पुन्हा येणार नाही, एवढेच म्हणणे होते. पहिल्या अर्जातून काढून टाकलेले घरकर्ज या वेळी पुरावा म्हणून उपयोगी पडले, कारण आता तो प्रश्न खर्चाचा नव्हता, एकदाच आलेले पैसे कुठे गेले याचा होता.

त्याच पत्रात विम्याचाही मुद्दा होता. वडिलांचा कंपनीचा विमा असल्यामुळे मुलीने कॉलेजचा आरोग्यविमा दोन वर्षे नाकारला होता. कोब्रा परवडेनासा झाल्यावर तो आता घ्यावा लागणार होता. त्याचा हप्ता अंदाजित खर्चात मिळवावा, अशी विनंती तिने केली आणि ती मान्य झाली. अधिकाऱ्याचा अधिकार उत्पन्नापुरता मर्यादित नाही, तो खर्चाचा अंदाजही बदलू शकतो, ही गोष्ट फार थोड्या घरांना माहीत असते.

परिणाम

ऑगस्टच्या मध्यात दुसरा निर्णय आला, तोवर बिलाची तारीख उलटून गेली होती आणि कुटुंबाने दहा हप्त्यांच्या योजनेत नाव घालून पहिला हप्ता भरला होता. सेव्हरन्स वगळल्यामुळे उत्पन्न ६९,००० डॉलरच्या आसपास आले, एसएआय सुमारे ३,१०० झाला आणि पेल ग्रँट सुमारे ४,३०० डॉलर मंजूर झाली. कॉलेजने मात्र वाढवलेल्या अनुदानातून १,३०० डॉलर परत घेतले. केंद्राचे पैसे आले की संस्थेचे कमी करणे ही अनेक कॉलेजांची रीत आहे. मला ती अन्यायाची वाटते, कारण ज्या घराची अडचण सर्वांत मोठी, त्याच्याच वाट्याचे पैसे त्यातून आखडते घेतले जातात. परंतु नियमांत ती बसते.

विम्याचा हप्ता वेगळा ठेवला तर ३०,००० डॉलरचा हिस्सा २१,००० वर आला. मुलीने तिघींच्या खोलीत राहणे आणि लहान मील प्लॅन घेणे पत्करले, त्यामुळे आणखी सुमारे ३,००० वाचले. ५२९ खात्यात, म्हणजे शिक्षणासाठीच्या करसवलतीच्या बचत खात्यात, उरलेले ८,००० डॉलर वापरले गेले आणि बाकीचे हप्त्यांनी भरले गेले. पेरेंट प्लस कर्ज घ्यावे लागले नाही. विम्याचा हप्ता तिने उन्हाळ्यातील कामाच्या पैशातून भरला.

वडिलांना जानेवारी २०२६ मध्ये ९४,००० डॉलर पगाराची नोकरी मिळाली. मुलीने हे कार्यालयाला त्याच आठवड्यात कळवले. हिशेब २०२५ च्या कॅलेंडर वर्षावर असल्यामुळे चालू मदतीत बदल झाला नाही.

काय वेगळे करता आले असते

वेळेचा मुद्दा सर्वांत मोठा आहे. पेल ग्रँट हक्काची असते. पात्रता निघाली की ती मिळते, मग ती मेमध्ये मागा की ऑगस्टमध्ये. कॉलेजचे स्वतःचे अनुदान तसे नसते, त्याचा निधी ठरलेला असतो आणि जो आधी येतो त्याला त्यातून अधिक मिळण्याची शक्यता असते. मार्चमध्ये फोन झाला असता तर ६,००० ऐवजी किती वाढ मिळाली असती हे सांगता येत नाही, पण निधी शिल्लक असताना अर्ज विचारात आला असता. पडताळणीही तेव्हाच उरकली असती. बदललेल्या परिस्थितीवरून मदत मागायला नवी नोकरी न लागणे सिद्ध करावे लागत नाही. जुनी गेल्याचे पत्र हातात आले त्या दिवशी चौकशी करता येते.

चालू शैक्षणिक वर्षाचा विचार कोणीच केला नाही. फेब्रुवारीत नोकरी गेली तेव्हा २०२४-२५ चे दुसरे सत्र सुरू होते आणि त्या वर्षासाठीही विनंती करता आली असती. तिच्यातून फार हाती लागले असते असे नाही, कारण त्या वर्षातले बहुतेक महिने पगार सुरू होता, पण प्रश्न विचारायला पैसे पडत नव्हते.

पेल ग्रँट वाढल्यास संस्थेचे अनुदान कमी होईल का, हे दुसऱ्या विनंतीपूर्वी विचारायला हवे होते. विचारले असते तर कपात टळली असती असे नव्हे. पण ती रक्कम आधी मुलीच्या कर्जातून वजा करण्याची विनंती त्याच पत्रात करता आली असती. अनुदानाऐवजी कर्ज कमी करायला काही कॉलेजे तयार होतात.

पुढची दोन वर्षे आतापासून डोळ्यांसमोर ठेवायला हवीत. मुलीच्या शेवटच्या वर्षाचा, २०२६-२७ चा, फॅफ्सा २०२४ च्या उत्पन्नावर आहे आणि ते वर्ष पूर्ण पगाराचे होते. म्हणून एसएआय पुन्हा वर गेला आहे आणि विनंती नव्याने करावी लागणार आहे. आदल्या वर्षीचा निर्णय आपोआप पुढे चालत नाही. या वेळी नव्या नोकरीचा पगार हिशेबात येईल, तेव्हा मिळणारी सवलत लहान असेल, पण १,१८,००० आणि ९४,००० यांतील फरक दाखवण्याइतका आहे. पेरेंट प्लसचा आधार लागलाच, तर १ जुलै २०२६ पासून त्या कर्जावर एका विद्यार्थ्यामागे वर्षाला २०,००० आणि एकूण ६५,००० डॉलरची मर्यादा येते, हेही मुलाच्या कॉलेजांची यादी करताना लक्षात घ्यावे लागेल.

मुलाच्या २०२७-२८ च्या अर्जात परिस्थिती नेमकी उलटी असेल. २०२५ च्या कमी उत्पन्नामुळे घर प्रत्यक्षापेक्षा अधिक अडचणीत दिसेल आणि मिळणारी मदत मोठी असेल. अधिकाऱ्याला एसएआय वाढवण्याचाही अधिकार असतो, त्यामुळे कॉलेजने चालू उत्पन्न विचारले तर ते खरे सांगावे लागेल. पहिल्या वर्षी मिळालेला आकडा चारही वर्षे टिकेल असे धरून कॉलेज निवडले, तर दुसऱ्या वर्षी, २०२६ चा पगार अर्जात आल्यावर, हे कुटुंब पुन्हा त्याच खिडकीपाशी उभे असेल.